टाकी रिकामी करू नका

पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण गाठलं की उजनी जलाशयाचा पसारा दिसू लागतो. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी पाहायला गर्दी होते. उन्हाळ्यात पाणी आटत जातं तसा त्याचा रंग हिरवा होत जातो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून या जलाशयात येतं. त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस, वरून भरपूर ऊन आणि थांबलेलं पाणी एवढं मिळालं की शेवाळाला आणखी काही लागत नाही. कोथरूड किंवा वाघोलीच्या एखाद्या फ्लॅटमधल्या दोन फुटी काचेच्या टाकीतही हेच घडतं. तिथे सांडपाण्याच्या जागी माशांची विष्ठा आणि जास्त पडलेलं खाणं असतं, आणि उन्हाच्या जागी सकाळी लावलेला, रात्री झोपताना आठवलेला एलईडी.

टाकी एका दिवसात बिघडत नाही. मुलांची दहावी येते, बदली होते, घरात आजारपण निघतं आणि टाकीकडे लक्ष जाईनासं होतं. फिल्टर घरघरत राहतो, मासे जगत राहतात, म्हणून सगळं ठीक वाटतं. मग कधीतरी काचेवर हिरवा पडदा दिसतो, अनुबियासच्या पानांना काळी दाढी फुटलेली असते, वॅलिस्नेरियाची पाती शेवाळाच्या दोऱ्यांत गुरफटलेली असतात. अशा वेळी बहुतेक घरांत रविवारी सकाळी एकच उपाय होतो. मासे बादलीत, खडे नळाखाली, फिल्टरचा स्पंज साबणाने स्वच्छ, काच घासून लख्ख आणि टाकीत नवं कोरं पाणी.

संध्याकाळपर्यंत टाकी सुंदर दिसते. दोन-चार दिवसांत पाणी दुधाळ होतं, मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि महिन्याभरात शेवाळ पहिल्यापेक्षा जोमाने परततं.

कारण सोपं आहे. माशांच्या विष्ठेतून आणि सडणाऱ्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. स्पंजवर, खड्यांवर, पानांवर वसलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट माशांना मारतात. नायट्रेट बऱ्याच प्रमाणापर्यंत चालतो आणि वनस्पतींना खतासारखा उपयोगी पडतो. ही वसाहत उभी राहायला चार ते सहा आठवडे जातात. स्पंज क्लोरीनच्या पाण्याखाली धुतला की तिची मोठी हानी होते. म्हणून दुर्लक्षित टाकी वाचवायची असेल तर पहिला नियम असा की ती रिकामी करायची नाही. रोग पडला असेल किंवा काचेचा जोड गळत असेल तरच त्याला अपवाद करावा.

मग शेवाळ जाणार कसं? इथे तलावांच्या अभ्यासाचा आधार घेता येतो. मार्टेन शेफर या डच शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह 1993 मध्ये उथळ तळ्यांबद्दल एक मांडणी केली. उथळ तळं दोन अवस्थांत स्थिर राहू शकतं. एकीत पाणी नितळ असतं आणि तळाशी वनस्पती असतात. दुसरीत पाणी गढूळ-हिरवं असतं आणि वनस्पती नसतात. दोन्ही अवस्था स्वतःला टिकवून धरतात. वनस्पती असल्या की त्या अन्नद्रव्यं शोषतात, गाळ धरून ठेवतात, पाणी नितळ राहतं आणि नितळ पाण्यात वनस्पती वाढतात. एकदा हिरव्या बाजूला घसरलं की थोडंसं प्रदूषण कमी करून तळं परत येत नाही; त्याला बराच मोठा रेटा द्यावा लागतो. काचेची टाकी म्हणजे उथळ तळंच. म्हणून रोज थोडं खरवडणं, एखादी बाटली ओतणं, आठवड्याला एक नवीन उपाय हे सगळं वाया जातं. तीन-चार आठवडे सगळ्या बाजूंनी एकाच वेळी रेटा द्यायचा आणि मग वनस्पतींच्या हाती कारभार सोपवायचा, हा खरा मार्ग.

पहिल्या दिवशी मात्र रेटा नको. पहिल्या दिवशी फक्त मोजायचं. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच तपासायच्या थेंबांच्या किट मत्स्यालयाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. पाण्यात विरघळलेल्या क्षारांसाठी टीडीएस मीटर घ्यावा. एक वाचन टाकीचं आणि एक नळाच्या पाण्याचं घ्यावं. या दोहोंत मोठा फरक निघाला तर सावध व्हायला हवं, आणि याचं कारण पुणेकरांनी नीट समजून घेण्यासारखं आहे.

महापालिकेचं पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणसाखळीतून येतं. सह्याद्रीच्या बेसाल्टवरून वाहून आलेलं हे पावसाचं पाणी तुलनेने मऊ असतं आणि त्यात कार्बोनेटचा साठा कमी असतो. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते आम्ल हा साठा खात जातं. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीत साठा संपतो, पीएच 6 च्या खाली उतरतो आणि जिवाणूंचं कामही मंदावतं. अमोनिया साचतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियम या तुलनेने निरुपद्रवी रूपात असतो, म्हणून मासे तग धरून असतात. अशा टाकीत उत्साहाने निम्मं पाणी बदललं की पीएच चढतो, अमोनियमचा पुन्हा विषारी अमोनिया होतो आणि रात्रीत मासे मरतात. घरचे म्हणतात, पाणी बदललं म्हणून मासे मेले. ते खोटं नसतं, पण खरं कारण त्याआधीच्या सहा महिन्यांत असतं.

म्हणून पहिला आठवडा एका दिवसाआड 10 ते 15 टक्के पाणी बदलावं. टाकीचं आणि नळाचं वाचन जवळ आलं की मग आठवड्याला 40-50 टक्क्यांपर्यंत खुशाल जावं. नव्या पाण्यातला क्लोरीन घालवण्यासाठी दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून सोडियम थायोसल्फेटचे खडे किंवा द्रावण मिळतं. पाकिटावरच्या मापाने ते टाकावं किंवा बादलीत एअर पंप लावून पाणी दिवसभर ठेवावं. बादली उघडी ठेवून विसरू नये. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगीच्या डासाची पैदास होते. आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. बादलीवर जुनी ओढणी बांधली की काम भागतं.

पाणी बदलण्याचा दिवस गुरुवार-शुक्रवार ठरवू नये हे पुण्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने, ही सूचना शहराच्या अंगवळणी पडलेली आहे. बंदनंतर येणारं पहिलं पाणी बऱ्याचदा गढूळही असतं. शहराच्या कडेला, जिथे सोसायटी बोअर, टँकर आणि महापालिका अशा तिन्ही पाण्यांवर चालते, तिथे अडचण वेगळी असते. बोअरचं पाणी जड, धरणाचं मऊ, आणि आज गच्चीवरच्या टाकीत कोणतं चढलंय ते वॉचमनलाच ठाऊक. टीडीएस मीटर अशा घरात पहिल्याच महिन्यात पैसे वसूल करतो. बोअरचं पाणी फारच जड असेल तर त्यात आरओचं पाणी मिसळून वापरावं. नुसतं आरओचं पाणी मात्र वापरू नये, कारण त्यात वनस्पतींना लागणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नसतंच.

आता सफाई. काच ब्लेडने खरवडावी, टाकी ॲक्रिलिकची असेल तर जुन्या एटीएम कार्डाने. दोऱ्यांसारखं शेवाळ जुन्या टूथब्रशला गुंडाळून बाहेर ओढावं. शेवाळाने भरलेलं पान पुन्हा कधीच हिरवंगार होत नाही, ते कापावं. हात आखडता घेऊ नये. तळातल्या खड्यांवरचा गाळ सायफनने ओढून घ्यावा, पण एका वेळी तळाचा तिसराच भाग, आणि खोलवर ढवळायचं नाही. जुन्या, घट्ट झालेल्या तळात प्राणवायू नसतो, तिथे सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो. फिल्टरचा स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळावा, तोही अर्धा आज आणि अर्धा दोन आठवड्यांनी. पाणी काळंकुट्ट निघेल. स्पंज पांढरा दिसेपर्यंत धुण्याचा मोह आवरावा.

दगडांकडेही एकदा बघून घ्यावं. सिंहगडाच्या पायथ्यापासून किंवा नदीपात्रातून हौसेने आणलेला काळा बेसाल्ट पाण्यात सहसा काही सोडत नाही. पण दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत स्फटिक भरलेले असतात. वाघोलीच्या खाणी तर निळ्या कॅव्हनसाइटसाठी जगभरच्या खनिजसंग्राहकांना माहीत आहेत. पोकळ्यांतल्या पांढऱ्या स्फटिकांत कॅल्साइट असेल तर तो हळूहळू विरघळून पाणी जड करत राहतो. पांढऱ्या शिरेवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकावेत. फसफसलं तर तो दगड कुंडीत ठेवावा.

यानंतर प्रकाश. दुर्लक्षित टाकीच्या बाबतीत एकच गोष्ट करायची परवानगी असती तर दिव्याला टायमर लावणं हीच केली असती, असं म्हणणारे अनुभवी लोक बरेच भेटतात, आणि ते बरोबर आहेत. वनस्पती किती वेगाने वाढू पाहतात हे प्रकाश ठरवतो. प्रकाश जास्त आणि बाकी काही कमी पडलं की वनस्पती थबकतात. शेवाळाच्या गरजा इतक्या थोड्या असतात की ते थबकत नाही. सुरुवातीचे तीन आठवडे दिवा रोज सहा तासच, ठरावीक वेळी. वाढ नीट सुरू झाली की आठ तासांपर्यंत न्यावं, त्यापुढे नको. संध्याकाळी घरी आल्यावर टाकी बघायची असते, म्हणून टायमर दुपारी चार ते रात्री दहा असा लावला तरी चालतो. माशांची तक्रार नसते. पश्चिमेच्या खिडकीतून मार्च ते मे टाकीवर थेट ऊन पडत असेल तर टाकी हलवावी, ते शक्य नसेल तर मागच्या काचेला काळा कागद लावावा.

प्रकाश कमी केला, गाळ काढला, आता जागा भरायची. इथे बहुतेक लोक कंजुषी करतात. चार रोपं आणून चार कोपऱ्यांत लावतात आणि ती वाढायची वाट बघतात. त्या काळात मोकळी जागा शेवाळ व्यापतं. एकाच वेळी निम्म्याहून जास्त तळ झाकला जाईल एवढी झपाट्याने वाढणारी, स्वस्त रोपं लावावीत. हायग्रोफिला, लिम्नोफिला, वॉटर स्प्राइट, हॉर्नवर्ट आणि वॅलिस्नेरिया. यांतली बरीचशी भारतातच उगवणारी आहेत आणि पुण्याच्या उन्हाळ्याला दबत नाहीत. दिसायला देखणी, महागडी, लाल पानांची रोपं नंतर. जोडीला पृष्ठभागावर थोडा सॅल्विनिया किंवा डकवीड सोडावा. हवेतला कार्बन डायऑक्साइड थेट घेता येत असल्याने तरंगत्या वनस्पती भन्नाट वेगाने वाढतात, नायट्रेट ओढून घेतात आणि खाली सावलीही देतात. त्यांनी अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग झाकला की ओंजळीने काढून टाकायच्या. ज्याला हेही नको त्याने बाल्कनीतल्या मनी प्लांटची एक फांदी टाकीच्या मागच्या कडेवरून मुळं पाण्यात राहतील अशी सोडावी. पानं वर, मुळं खाली. नायट्रेट उतरताना दिसतो.

खताचं नाव काढलं की लोक दचकतात. शेवाळ खतामुळे होतं ना, मग आणखी खत कसं? ही शंका रास्त आहे. कॅनडातल्या ओंटारिओत 1973 मध्ये डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी ‘लेक 226’ नावाच्या तळ्याच्या मधोमध पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसऱ्या बाजूला तेच आणि वर फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली. त्या तळ्याचा विमानातून काढलेला फोटो पुढे डिटर्जंटमधला फॉस्फेट कमी करण्याच्या वादात पुरावा म्हणून गाजला. मत्स्यालयाच्या छंदातही अनेक वर्षं फॉस्फेट शून्यावर आणायचा सल्ला दिला जायचा. पण गच्च लावलेली टाकी आणि मोकळं पाणी यांत फरक आहे. टाकीत फॉस्फेट शून्य झाला की आधी वनस्पती उपाशी मरतात आणि त्यांच्या सडणाऱ्या पानांवर शेवाळ चढतं. काचेवर आणि अनुबियासवर घट्ट हिरवे ठिपके बसतात ते तर बऱ्याचदा फॉस्फेट कमी पडल्याचंच लक्षण असतं. अमेरिकेतले टॉम बार यांनी मांडलेली ‘एस्टिमेटिव्ह इंडेक्स’ पद्धत यावरच उभी आहे. अन्नद्रव्यं किंचित जास्तच द्यायची आणि आठवड्याला निम्मं पाणी बदलून हिशेब पुन्हा शून्यावर आणायचा.

महाराष्ट्रात हे खत स्वस्तात मिळतं हे शहरातल्या हौशी मंडळींना माहीत नसतं. द्राक्ष आणि डाळिंबाचे बागायतदार ठिबकमधून जी विद्राव्य खतं देतात त्यांतलं 13:0:45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि 0:52:34 म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. कृषी सेवा केंद्रातलं एक पाकीट दोन फुटी टाकीला वर्षानुवर्षं पुरतं. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत साधारण 56 लिटर पाणी मावतं. माती-दगड वजा जाता 45 लिटर धरावं. अर्धा लिटर पाण्यात 50 ग्रॅम 13:0:45 विरघळवून एक बाटली करावी आणि दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये 5 ग्रॅम 0:52:34 विरघळवून दुसरी. पहिलीतून 5 मिली टाकलं की टाकीत सुमारे 7 पीपीएम नायट्रेट वाढतो, दुसरीतून 5 मिली टाकलं की पाऊण पीपीएमच्या आसपास फॉस्फेट. आठवड्यातून एक-दोनदा एवढं पुरे. आधी तपासणी करावी. मासे जास्त आणि नायट्रेट आधीच 20 पीपीएमच्या वर असेल तर पहिली बाटली महिनाभर बंदच ठेवावी. एक ताकीद मात्र ठळक लक्षात ठेवावी. दुकानदाराने आग्रह केला तरी 19:19:19 किंवा 12:61:0 टाकीत टाकायचं नाही. त्यांतला बराचसा नायट्रोजन युरिया किंवा अमोनियमच्या रूपात असतो, म्हणजे माशांसाठी विषच. आणि शेतीचं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण तांब्याच्या प्रमाणाकडे बघितल्याशिवाय वापरू नये. तांबं कोळंबीला सोसत नाही.

शेवाळाचे प्रकार ओळखता आले तर निम्मी धावपळ वाचते. नवीन किंवा नव्याने लावलेल्या टाकीत काचेवर बोटाने पुसली जाणारी तपकिरी भुकटी बसते, ते डायटम. सिलिकाचं कवच असलेल्या या एकपेशीय जीवांवर पुण्यातच, आघारकर संशोधन संस्थेत, मोठं काम चालतं. टाकीतले डायटम पुसून टाकावेत आणि विसरून जावं. चार-सहा आठवड्यांत ते आपणच ओसरतात. पाणीच मटारच्या सूपासारखं हिरवं झालं असेल तर पाणी बदलून उपयोग नाही, पेशी दुप्पट व्हायला फार वेळ लागत नाही. तिथे तीन दिवसांचा पूर्ण अंधार कामी येतो. टाकीला चादर गुंडाळायची, एअर पंप चालू ठेवायचा, खाणं बंद. चौथ्या दिवशी अर्धं पाणी बदलायचं, कारण मेलेलं शेवाळ सडून अमोनिया सोडतं.

तळावर निळसर-हिरवा, चिकट, एकसंध सोलून निघणारा आणि ओल्या मातीसारखा उग्र वास असलेला थर म्हणजे शेवाळ नव्हेच, ते सायनोबॅक्टेरिया. साचलेला गाळ आणि न फिरणारं पाणी यांत ते फोफावतात, आणि नायट्रेट शून्य असला तरी त्यांचं अडत नाही. थर सायफनने ओढावा, फिल्टरच्या पाण्याचा झोत त्या बाजूला वळवावा, तीन दिवस अंधार करावा. काही जण एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या टाकतात. उपाय लागू पडतो, पण प्रतिजैविक घरच्या टाकीत टाकून ते पाणी गटारात सोडणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

सगळ्यांत चिवट ते काळी दाढी, छंदातल्या बोलीत बीबीए. रंग काळा-करडा दिसला तरी ते लाल शेवाळांच्या कुळातलं आहे. चिमूटभर तुकडा स्पिरिटमध्ये टाकला की लालसर होतो. कार्बन डायऑक्साइडची पातळी खालीवर होत राहिली की ते हमखास येतं. वनस्पतींसाठी हा वायू सोडणाऱ्या, साखर आणि यीस्टच्या बाटलीवर चालणाऱ्या घरगुती जोडणीत गॅस पहिल्या आठवड्यात धो-धो येतो आणि तिसऱ्यात आटतो. अशा टाकीत एकतर गॅस पूर्ण बंद करून प्रकाश कमी ठेवावा किंवा सिलिंडर, रेग्युलेटर आणि टायमरचा खर्च करावा. सिलिंडर असेल तर गॅस दिव्याच्या तास-दोन तास आधी सुरू आणि तासभर आधी बंद.

दाढीवर थेट मारा करण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडतं. परदेशी पुस्तकांतली मापं 3 टक्क्यांच्या द्रावणाची असतात, आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारी बाटली बहुधा 6 टक्क्यांची, म्हणजे 20 व्हॉल्यूमची असते. लेबल वाचून सम प्रमाणात पाणी मिसळून आधी ती 3 टक्क्यांवर आणावी. मग फिल्टर बंद करून सिरिंजने दाढीवर हळूहळू सोडावं. 10 लिटरला 3 ते 5 मिली ही कमाल मर्यादा, म्हणजे 45 लिटरला साधारण 13 ते 22 मिली. दहा मिनिटांनी फिल्टर चालू. दोन-चार दिवसांत दाढी गुलाबी, मग पांढरी होते आणि मासे ती खातात. मॉस आणि कोळंबी असलेल्या टाकीत याच्या निम्म्याने सुरुवात करावी. ग्लुटाराल्डिहाइडची ‘लिक्विड कार्बन’ द्रावणंही असंच काम करतात, पण वॅलिस्नेरिया त्यांनी वितळतो आणि माणसाच्या डोळ्यांना, त्वचेला ती घातक असतात. हातमोजे घालूनच वापरावीत.

दुकानात सगळ्यांत जास्त खपणारा उपाय याहून सोपा आहे, आणि तो चुकीचा आहे. ‘हा सकर घ्या, टाकी साफ ठेवतो.’ दोन इंचांचा तो काळा, गोंडस सकर मासा मोठा होऊन फूटभराहून लांब होतो, रोपं उपटतो आणि जेवढं शेवाळ खातो त्याहून जास्त घाण करतो. दोन फुटी टाकीत त्याला जागाच नाही. त्याऐवजी ओटोसिंक्लस, नेराइट गोगलगाय किंवा अमानो कोळंबी आणावी. या कोळंबीला ज्यांचं नाव मिळालं ते ताकाशी अमानो जपानमधल्या निइगाताचे छायाचित्रकार. निसर्गाचं रूप पाण्याखाली उभं करणारी मांडणी त्यांनी जगभर रुजवली. त्यांच्या टाक्यांची नितळ काच हे या कोळंबीच्या फौजेचंही श्रेय होतं. पुण्याच्या नद्यांतही दगडावरचं शेवाळ खरवडणारा मासा आहे. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये नोंदवलेला गारा मुल्या. पण त्याला वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. त्याला ओढ्यातच राहू द्यावं. एवढं मात्र आधीच सांगायला हवं की हे सगळे प्राणी शेवाळ परत येऊ नये म्हणून आणायचे असतात. गच्च भरलेली टाकी कोणताही मासा खाऊन साफ करत नाही.

पुण्याच्या ऋतूंचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. एप्रिल-मेमध्ये बंद घरात टाकीचं पाणी सहज 30 अंशांच्या पुढे जातं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, 30 अंशांत साडेसातच्या आसपास, आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या पुण्यात त्याहून थोडा कमी. त्यात रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात. म्हणून उन्हाळ्यात रात्रभर एअर पंप चालू, झाकण उघडं, खाणं निम्म्यावर आणि गॅस कमी. पाण्यावर तिरका छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. घटलेलं पाणी रोज भरून काढावं. पावसाळ्यात धरणातून गढूळ पाणी येतं आणि क्लोरीनचा वासही वाढलेला जाणवतो, तेव्हा अँटी-क्लोरीनला सुट्टी नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उष्ण प्रदेशातल्या माशांना हीटर लागतो. तो 24-25 अंशांवर ठेवला तर पुरतो.

खाण्याचं प्रमाण हा या सगळ्यात सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा, आणि पुनरुज्जीवित टाकी पुन्हा बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा, आठवड्यातून एक दिवस उपास. घरात आजी-आजोबा प्रेमाने दिवसातून चारदा चिमूट टाकत असतील तर दिवसाचं खाणं सकाळीच एका छोट्या डबीत काढून ठेवावं आणि डबी त्यांच्याच हाती द्यावी.

सगळं जुळलं तर दुसऱ्या आठवड्यात नवी पानं स्वच्छ निघू लागतात, हीच पहिली खूण. जुन्या पानांकडे बघून निराश होऊ नये. सहाव्या ते आठव्या आठवड्यात टाकी वळणावर येते आणि मग आठवड्याला पाऊण तास पुरतो. छाटणी, काच, थोडा सायफन, निम्मं पाणी आणि दोन बाटल्यांतलं माप.

छाटलेली रोपं, नकोसा झालेला सकर, जास्त झालेल्या गोगलगाई आणि गप्पी यांचं काय करायचं हा प्रश्न मग उभा राहतो. मुठेच्या काठावर किंवा पाषाण, कात्रजच्या तलावात ते सोडून येणारे लोक आहेत. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने या शहराच्या पाण्याचं काय केलं ते दरवर्षी दिसतं, आणि तिकडूनच आलेला सकर आज भारतातल्या कित्येक जलाशयांत मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. कृपया मासे दुकानाला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. वनस्पती आणि शेवाळ मात्र उन्हात पूर्ण वाळवून कुंडीतल्या मातीत घाला, आणि सायफनचं पाणी बाल्कनीतल्या झाडांना.